एकच घोट

लाइट गेली. कुलरचा पंखा दोन-चार फेऱ्या उगाच फिरला, थांबला, आणि घर एकदम गप्प झालं. मग कुलरच्या जाळीतल्या ओल्या गवतातून पाण्याचा एक थेंब खालच्या टाकीत पडला. टप्.

त्या थेंबामागोमाग ती बोलली.

"काकू, घोटभर पाणी देता का? एकच घोट. जास्त नको."

कुलरच्या घरघरीत ऐकू यावं म्हणून लॅपटॉपचा आवाज मी पूर्ण वाढवून ठेवला होता. इयरफोनची वायर सोनिकानं बाहुलीची वेणी बांधायला कापून नेली होती. लॅपटॉप बॅटरीवर होता, त्याला लाइट गेल्याचं काय! आवाज घरभर झाला, स्वयंपाकघरातल्या भांड्यांपर्यंत जाऊन परत आला. मी घाईनं बटण दाबलं, पण तोवर सोनिका खाटेवर उठून बसली होती. केस कपाळाला चिकटलेले, एका गालावर उशीच्या अभ्र्याची नक्षी उमटलेली.

"आई, कोण पाणी मागून राहिलं वं?"

"कोणी नाही. झोप."

"मावशी आहे नं?"

मी तिच्या अंगावर ओला पंचा टाकला, पुठ्ठ्यानं वारा घालत राहिले. ती झोपली. पुढचं ऐकायचं धाडस मात्र मला होईना. एप्रिलमधल्या दुपारी आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. हीच वेळ माझी. सोनिका झोपलेली असते, माझा नवरा अभिजीत लकडगंजला लाकडं कापायच्या आरा मशीनच्या ऑफिसात, आणि माझे बाबा ऊन उतरल्याशिवाय येत नाहीत. घरात मी एकटी असायला हवी.

पण हा आवाज घरात आल्यापासून मी एकटी नसते.

तिचं नाव प्रणाली. मी तिला कधी पाहिलेलं नाही. तिला जाऊन दोन वर्षं होत आली, आणि माझ्या पीएचडीच्या फेलोशिपलाही दोन वर्षं होत आली, कारण ही फेलोशिप तिचीच होती.

आमची फेलोशिप देणाऱ्या संस्थेच्या जागा ठरलेल्या आहेत. मी प्रतीक्षा यादीत पहिली होते. वरचं कुणी गळालं तरच माझा नंबर लागणार. सोनिका तेव्हा नुकती दीड वर्षाची झाली होती. तिला घेऊन मी सीताबर्डीला टेकडीच्या गणपतीला जायची आणि हात जोडून म्हणायची, एक जागा रिकामी होऊ दे. माझ्या डोक्यात कुणाचं तरी लग्न असायचं, कुणाला तरी लागलेली नोकरी असायची. माणूस जागा अशीही सोडतं, हे डोक्यात आलं नव्हतं. पत्र आलं तशी मी संत्रा बर्फीचा डबा घेऊन डिपार्टमेंटला गेले. सगळ्यांनी तोंड गोड केलं. माझ्या गाइड मॅडमनी तुकडा उचलला, टेबलावरच्या एका कागदावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मेहनत कर." मी निघाले तेव्हाही तो तुकडा तिथंच होता. ऑफिसातल्या गणपतरावांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "ताई, तुम्हाले माहीत नाही वाटते. ते पोरगी वारली नं."

गणपतराव आमच्या हजेरीचे कागद बघतात. दर महिन्याला हजेरी, मॅडमची सही, मग त्यांच्याकडून कागद संस्थेला. सही चुकली की तो महिना लटकतो. प्रणालीच्या किडन्या खराब झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा धंतोलीला डायलिसिस. सुट्ट्या संपल्या होत्या, आणि आणखी सुट्टी घेतली असती तर फेलोशिप गेली असती. "हाताले पट्टी असे," गणपतराव म्हणाले. "म्हणे, काका, लवकर घ्या सही, मले मुलाखतीले जायचं आहे. मी म्हणो, अवं बाई, घरी जा. तं हसे."

त्या मुलाखतींचेच हे आवाज.

आमचा दोघींचा विषय एकच, मॅडमनी दिलेला: विणकर घरातल्या बायकांचं काम. माग पुरुषाच्या नावाचा, पण सुताच्या कांड्या भरणं, सूत उकलणं, खळ लावणं हे सगळं बायकांच्या हातचं. मी स्वतः तांडापेठेतल्या विणकराची मुलगी. माझ्या आईनं आयुष्यभर कांड्या भरल्या. मला वाटलं होतं, मुलाखती काय, आपल्याच मोहल्ल्यात बसून होतील. झाल्या नाहीत. बायका रिकाम्या होतात दुपारी, आणि दुपारी सोनिकाला ठेवायचं कुठं? सोबत नेलं तर तिनं एका काकूंच्या चरख्याचं सूत असं ओढलं की त्यांनी मला हात जोडले. मग थंडीत तिला न्यूमोनिया झाला. त्यात दोन महिने गेले. आता दुसरं वर्ष संपत आलं. समिती बसणार, काम बघणार, आणि पसंत पडलं तरच पुढची तीन वर्षं फेलोशिप. माझ्या आराखड्यात लिहून दिल्या होत्या त्याच्या निम्म्याही मुलाखती माझ्याकडे नव्हत्या.

फेलोशिप गेली तर कुठल्यातरी कॉलेजात तासिकेवर शिकवायचं, संध्याकाळी कोचिंग. प्रबंध राहील कपाटात. असं कपाटात राहिलेलं किती बायांचं मी पाहिलं आहे.

मॅडमनी एके दिवशी केबिनचं दार लोटून घेतलं आणि पेन ड्राइव्ह माझ्यापुढं सरकवला. "प्रणालीच्या मुलाखती आहेत. तिनं फक्त रेकॉर्ड केल्या, उतरवायला राहिली नाही. प्रश्न माझेच आहेत, मोहल्ला तुझाच आहे. ऐक, उतरव आणि तुझ्यात घे."

"मॅडम, तिच्या नावानं?"

"संशोधक म्हणून लिहायचं. कागदावर नाव कुठं येतं?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हर्षा, माझी एक मुलगी गेली. दुसरीची फेलोशिप मी जाऊ देणार नाही."

त्यांचे डोळे भरले होते. मी पेन ड्राइव्ह उचलला.

तेव्हापासून ती आमच्या घरी येते. आधी पायऱ्या चढल्याचा आवाज, दम लागलेला. मग, "असू द्या, खालीच बसते." मग हसणं. बाई काही गमतीचं बोलली की प्रणाली म्हणते, "हो का वं!" आणि प्रत्येक मुलाखतीत, कुठंतरी मध्येच, "एकच घोट." पाण्याचा ग्लास ठेवल्याचा आवाज. मग पुढचा प्रश्न. मी ऐकते आणि डाव्या रकान्यात टाइप करते: संशोधक. तिचं बोलणं त्याच्यापुढं लिहिते. संशोधक म्हणजे मी. एका बाईनं तिला विचारलं, "तुह्या अंगात रगत नाही का वं पोरी?" आणि ती म्हणाली, "आहे नं काकू, थोडं थोडं वापरते." ते वाक्यसुद्धा मी माझ्या नावापुढं लिहिलं. मग उठून चूळ भरून आले.

सोनिकानं तिला ओळखलं ते माझ्याआधी. एकदा मी काम आटपून लॅपटॉप मिटला, तर तिच्या छोट्या स्टीलच्या ग्लासात पाणी आणून तिनं लॅपटॉपशेजारी ठेवलेलं.

"हे कशाला गं?"

"मावशीले. ते मांगते नं."

मी ग्लास उचलला नाही. रोज ती ठेवते. संध्याकाळी मी बघते तर पाणी थोडं खाली गेलेलं असतं. उन्हाळा आहे, उघडं पाणी आटतं. उरलेलं मी कुलरच्या टाकीत ओतते. सोनिका टाळ्या वाजवते, "मावशीनं पिली! मावशीनं पिली!" तिच्या बापाला ती गंमत वाटते. "चला, एक पाहुणी तरी आहे आपल्या घरी," अभिजीत म्हणतो, केसातला लाकडाचा भुसा झटकत. "माह्या बहिणी तं येत नाहीत तुह्या हातचं खायले."

मी हसले होते. पण त्यानंतर दोनच दिवसांनी मोहल्ल्यात एका बाईची मुलाखत घेताना मी, माझं मीच ऐकलं, म्हणाले, "काकू, एक घोट पाणी देता का? एकच घोट." मला तहान नव्हती. बाईनं तांब्याभर आणलं. मी एक घोट घेतला, आणि ग्लास खाली ठेवताना तोच आवाज झाला.

बाबा संध्याकाळी येतात, सोनिकाला फिरवून आणतात. नत्थूजी हे त्यांचं नाव घेतलं की तांडापेठेत अजून चार जण मान वर करतात. आमचा माग विकला गेला त्याला बरीच वर्षं झाली. आता ते एका साडीच्या दुकानात घड्या घालतात. एका दिवशी लवकर आले. मी लॅपटॉप बंद करायच्या आधी त्यांनी ऐकलं.

"कोण होय वं हे?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. पाण्याचंही.

ते खाटेवर टेकले. मग म्हणाले, "तुह्ये मोठेबाबा गेले तवा त्यायचं लुगडं मागावर अर्धं होतं. तेरवी झाली अन् मी बसलो पुरं करायले. माय म्हणे, पहिले लाल धागा टाक आडवा. एकच. हात बदलला तं धागा बदलला पाहिजे."

"अन् नाही टाकला तं?"

"तं पहिला हात माग सोडत नाही म्हणे."

"तुम्ही मानता बाबा?"

"मी कायले मानतो! लहान पोरीपुढं काही सांगू नको." मग ग्लासकडे बघून म्हणाले, "पण टाकला होता."

मी त्या रात्री काही ठरवलं नाही. ठरवून मला करताच आलं नसतं. समितीच्या दिवशी सकाळी, सोनिकाची वेणी घालून झाल्यावर, मी पडद्यावर दाखवायची पानं उघडली आणि जिथं माझ्या मुलाखती संपतात आणि तिच्या सुरू होतात, तिथं एक आडवी लाल रेघ ओढली. खाली लिहिलं: येथून पुढील मुलाखती कुमारी प्रणाली यांनी घेतलेल्या आहेत. एकदा वाचलं. छाती हलकी झाली. इतकी हलकी की मी सोनिकाला उचलून गिरकी घेतली. मला खरंच वाटलं होतं, एवढ्यानं झालं. आमच्या घरात एवढ्यानं व्हायचं.

समितीत बाहेरून आलेले एक सर होते. रेघ पडद्यावर आली तसे ते पुढं वाकले.

"म्हणजे हे काम तुमचं नाही?"

"उतरवलं मी आहे, सर. प्रश्न तिनं विचारले."

"मग फेलोशिप कुणाची चालू ठेवायची? त्यांची?"

कुणी हसलं नाही. मॅडम पडद्याकडे बघत होत्या. त्यांच्या मांडीवर त्यांचे हात एकमेकांना घट्ट धरून होते.

समितीतल्या एक बाई समजुतीनं बोलल्या. हरकत नाही म्हणाल्या, एका प्रकल्पातलं काम दुसऱ्यानं पुढं नेता येतं, पण रीतसर. प्रणालीच्या घरच्यांची लेखी संमती आणा. मूळ आवाज संस्थेत जमा करा. तुमच्या स्वतःच्या मुलाखती वाढवा. जूनमध्ये परत बसू, तोवर फेलोशिप थांबवून ठेवू. संमती आली नाही तर ते सगळं वगळावं लागेल, आणि मग... त्यांनी माझ्या उरलेल्या पानांकडे पाहिलं आणि वाक्य पुरं केलं नाही.

बाहेर व्हरांड्यात मॅडमनी मला गाठलं. "वेडी आहेस का तू? आभारात लिहिता आलं असतं नाव. प्रत्येक प्रबंधात आभाराचं एक पान असतं, तिथं सगळ्यांची मेलेली माणसं बसतात. तुला इथंच आणायची होती तिला?"

"मॅडम, ती जात नव्हती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "माहीत आहे," आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या.

घरी बाबांनी कपाळावर हात मारला. "अवं, मी लुगड्याची गोष्ट सांगतली! तू सरकारी कागदात धागा टाकून आली? कोण टाकते असं?"

"तुम्हीच तं म्हटलं, हात सोडत नाही."

"मी काय पीएचडी आहो का?"

अभिजीत ओट्याला टेकून ऐकत होता. "डॉक्टरीनबाई, तुमची फेलोशिप गेली तं मी आरा मशीनवर तुमच्यासाठी एक स्टूल पाहून ठेवतो. भुसा झाडायले." मग माझं तोंड पाहून जवळ आला. "जा नं उमरेडले, त्या पोरीच्या घरी. सही तं मागायची आहे. कोणती माय नाही म्हणन?"

सोनिकाला घेऊनच गेले. बसमध्ये खिडकीतून झळा येत होत्या. ती माझ्या ओढणीखाली डोकं घालून ओला रुमाल चोखत बसली. प्रणालीच्या आईचं नाव सुभद्रा. मॅडमनी फोन करून ठेवला होता, त्यामुळे त्या दारातच उभ्या होत्या. ठेंगण्या, बारीक, केस घट्ट बांधलेले. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, खुंटीवर लोकांच्या साड्या, फॉल लावायला आलेल्या.

"हर्षा नं तू? ये. हे तुह्यावाली पोरगी? काय उन्हाचं आणलं वं लेकराले!"

त्यांनी सोनिकाच्या तळपायांना कांद्याचा रस चोळला, पन्हं दिलं. मी कागद काढायला हात घातला तर म्हणाल्या, "सही करतो मी, पळून नाही चालली. मॅडम म्हणे तिचा आवाज आहे तुह्याजवळ."

"हो."

"माह्याजवळ नाही. तिच्यावाला मोबाइल तिच्या भावानं विकला, तवा कोणाच्या ध्यानात आलं नाही. फोटो आहेत भिंतीवर. फोटो काय, गप्प राह्यते."

मी लॅपटॉप उघडला आणि मशीनच्या पाट्यावर ठेवला. सोनिका लगेच जवळ येऊन उभी राहिली, आपल्या घरची गोष्ट दुसऱ्याला दाखवताना लहान मुलं उभी राहतात तशी. मी त्यातल्या त्यात हसरी मुलाखत निवडली होती. पायऱ्यांवरचा दम आला, मग "असू द्या, खालीच बसते." सुभद्राकाकूंचा हात मशीनच्या चाकावर होता. तो तिथंच राहिला. "हो का वं!" आलं, तेव्हा त्यांच्या ओठांनी तेच शब्द पुटपुटले, आवाज न करता.

मग ते आलं. मला आधी थांबवायला हवं होतं, पण माझ्या ध्यानातून गेलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"काकू, घोटभर पाणी देता का? एकच घोट."

सुभद्राकाकू उठल्या. आत गेल्या. माठाचं झाकण उचलल्याचा आवाज आला. भरलेला ग्लास घेऊन आल्या, काठोकाठ भरलेला, आणि लॅपटॉपसमोर ठेवून तशाच उभ्या राहिल्या. लॅपटॉपमध्ये कुणीतरी दुसरा ग्लास खाली ठेवत होतं.

"डॉक्टरनं मोजून पाणी सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "घरी मांगे तं मी देत नव्हती. माठाले कुलूप नाही लावता येत, तं माठ मी शेजारणीच्या घरी नेऊन ठेवला होता. मले म्हणे, माय, किती कठोर आहे वं तू. म्या म्हटलं, मले पोरगी पाहिजे, कठोर तं कठोर." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "लोकाच्या घरी मांगे होय? देत जायचे लोकं?"

"एकच घोट मागायची, काकू. जास्त कधी नाही."

"एकच?"

"एकच."

त्यांनी मान डोलावली. बराच वेळ डोलवत राहिल्या. सोनिका सरकत त्यांच्या मांडीजवळ गेली. "आमच्या घरीबी मांगते मावशी," ती सांगू लागली. मी तिला जवळ ओढलं.

"हे मले देऊन जाशीन?" सुभद्राकाकूंनी विचारलं.

"देते ना. तुमच्या मोबाइलमध्ये टाकते सगळ्या. कधीही ऐका."

"मंग तुह्या याच्यातून निघून येईन नं?"

मी समजावलं. इकडे दिलं तरी तिकडे राहतं. जसा एक फोटो दोघांकडे असतो, तसं. त्या ऐकत होत्या आणि नाही नाही म्हणत होत्या.

"फोटो येगळा. हे बोलते. पाणी मांगते. असं जागोजागी माह्या पोरीनं पाणी मांगत राहावं का? मी जिती असताना?" त्या माझ्याजवळ बसल्या, माझा हात हातात घेतला. त्यांच्या बोटाला सुईचे घट्टे होते. "पाह्य बाई, तू चांगली आहे. तिचं नाव घेतलं तू तिथं, मॅडमनं सांगतलं मले. तुही फेलोशिप राह्यली पाहिजे, लहान लेकरू आहे तुले. लिहिलेलं ने, जे पाहिजे ते ने. आवाज ठेवून जा. कुठीच ठेवू नको मंग. माह्या घरी राहू दे तिले. इथं मागन तं मी देईन. सांग, तिकडं नाही ठेवणार नं? मंग मी सही करतो."

समितीला मूळ आवाज जमा करून हवे होते. पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्ये होता. लॅपटॉपमध्ये एक प्रत होती, मॅडमच्या कपाटात कदाचित आणखी एक. हो म्हणून परत जाता आलं असतं. उमरेडला बसून कोण तपासणार होतं? एक होकार, आणि तीन वर्षं. दुपारचे ते तास, सोनिकाची झोप, माझ्या नावाचा प्रबंध. आणि नाही म्हटलं तर हा हात सुटणार, सगळं वगळलं जाणार, लाल रेघेच्या अलीकडे उरलेली माझी थोडीशी पानं घेऊन मी जूनमध्ये जाणार.

मी मान हलवली. कशी हलवली, ते माझं मलाच नीट माहीत नाही. सुभद्राकाकूंनी त्याचा त्यांना हवा तो अर्थ घेतला. चष्मा लावला, कागद मशीनच्या पाट्यावर ठेवला, पेन घट्ट धरलं, आणि पहिलं अक्षर काढायला घेतलं, सावकाश, शाळेतल्यासारखं.

सोनिका लॅपटॉपसमोरचा तो काठोकाठ भरलेला ग्लास वाकून बघत होती. पाणी जराही हललं नव्हतं, कमी झालं नव्हतं. तिनं बोटानं काठ तपासला. मग माझ्याकडे वळली. घरात कुणी झोपलेलं असताना बोलते तशा आवाजात तिनं विचारलं, "आई, मावशी इथं राहिली तं मंग आपल्या घरचं पाणी कोण पिईन?"